पॉइंटांवर मिळालेली खोली

नवरा ज्या खोल्यांमध्ये राहायचा त्या रागिणीने डोळ्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या, पण कानांनी तिला त्या पाठ होत्या.

दसरा झाला की जीवन बॅग भरून अकोल्याहून निघायचा, तो होळीपर्यंत घरी पाहुण्यासारखाच येऊन-जाऊन असायचा. दक्षिणेतल्या एका सूतगिरणीसाठी तो कापूस पारखायचा. जिनिंगमधून सरकी वेगळी होऊन निघालेल्या रुईचा पुंजका चिमटीत धरायचा, हलकेच ओढायचा, आणि तंतूची लांबी नि बळ बोटांना कळलं की गाठी पसंत किंवा नापसंत करायचा. आज आदिलाबाद, परवा राजकोट, पुढच्या आठवड्यात गुंटूर. कापूस असेल तिथे जीवन, आणि मुक्काम कुठल्या तरी हॉटेलात.

दिवेलागणीला त्याचा फोन यायचा. रागिणी कौलखेडच्या घरात भाकरी थापत असायची. फोन ओट्यावरच्या डब्याला टेकवून ठेवायची. "जेवली काय? आई काय करते? आकांक्षा आली काय कॉलेजातून?" एवढं विचारून जीवन गप्प व्हायचा. त्या गप्पपणात तिला त्याची खोली ऐकू यायची. एसीची संथ घरघर. लांब कुठेतरी लिफ्ट थांबल्याची किणकिण. दारावर अदबीची टकटक, "सर, चाय", आणि मग बशीत कप ठेवल्याचा नाजूक आवाज. तिच्या घरात इतक्या हळू कप कोणी ठेवत नव्हतं.

या आवाजांच्या जोरावर तिने वर्षानुवर्षं एक खोली बांधून काढली होती. गावं बदलायची, खोली तीच राहायची. सुरकुती नसलेली पांढरी चादर. उशाशी पिवळा दिवा. पावलांचा आवाज गिळून टाकणारा गालिचा. खिडकीबाहेर पाणी, कारण तिला पाणी आवडायचं; खिडकीतून काय दिसतं असं ती विचारायची तेव्हा जीवन 'चांगलं हाये' एवढंच म्हणायचा. त्या खोलीत जीवन उशीला टेकून बसलेला असायचा आणि त्याला कोणीही कशासाठी हाक मारत नसायचं. तवा तापला की ती म्हणायची, "बोलाचं नसन तर ठेवा मंग फोन." तो म्हणायचा, "राहू दे ना जराक चालू." ती चिडून भाकरी उलटायची.

कार्डाचा विषय घरात निघाला तो फाल्गुनात. हंगाम उतरणीला लागला होता आणि जीवन चार दिवसांसाठी घरी आला होता. काही वर्षांपूर्वी एका सोबत्याच्या सांगण्यावरून त्याने एका बँकेचं क्रेडिट कार्ड घेतलं होतं. ते एका मोठ्या हॉटेल कंपनीशी जोडलेलं होतं. त्या कंपनीच्या कुठल्याही हॉटेलात राहून बिल या कार्डाने भरलं की पॉइंट जमा व्हायचे, आणि पॉइंट साठले की त्यांच्याच हॉटेलात फुकट राहता यायचं. बिलाचे पैसे गिरणी नंतर देऊन टाकायची, पॉइंट मात्र जीवनचे. त्याने ते कधी उघडूनही पाहिले नव्हते. आता बँकेचा मेसेज आला होता. कार्डाची वार्षिक फी भरा, नाहीतर महिनाअखेर कार्ड बंद आणि पॉइंट बाद.

मुलगी आकांक्षा बी.कॉम.ला होती. तिने बापाचा फोन हातात घेतला आणि बराच वेळ खाली मान घालून बसली.

"पप्पा, इतके पॉइंट पडून हायेत आन् तुमी सांगलं नाई?"

"मले काय माहीत. येत असतीन बापडे."

"ऐका. एका पॉइंटाची किंमत ठरलेली नसते. कोणत्या हॉटेलात वापरता त्याच्यावर असते. उदयपूरला तलावातल्या हॉटेलात वापरले तर एक रात्र मिळते, पण ती रात्र एरवी आपल्याला परवडणारच नाई अशी असते. तेच अमरावतीच्या हॉटेलात वापरले तर तीन रात्री मिळतात, पण त्या स्वस्तातल्या. म्हणजे उदयपूरला पॉइंट सोन्याचा, अमरावतीत मातीचा."

जीवनची आई माणिकबाई लसूण सोलत होती. ती म्हणाली, "म्हंजे महाग जागी गेलं तर स्वस्त पडते आन् स्वस्त जागी गेलं तर महाग पडते. हे कोणतं गणित होय व?"

"असंच असते आजी कार्डाचं. जो खूप फिरते त्याले परवडते. जो घरी बसते तो फी भरते."

"मंग उदयपूरले जा ना दोघं जन," माणिकबाई म्हणाली.

रागिणीने जीवनकडे पाहिलं. तो जमिनीवर पालथा पडला होता, गाल थंड फरशीला लावून. डोळे न उघडता तो म्हणाला, "मले कुठीच नाई जायाचं. हॉटेलाचं नाव नका काढू माह्यासमोर. चार दिवस भेटले हायेत, मले घरी झोपू द्या."

तो रागाने बोलला नव्हता, थकून बोलला होता. तरी रागिणीच्या आत काहीतरी खट्टू झालं. ज्या खोलीला ती वर्षानुवर्षं मनात झाडून-पुसून ठेवत होती, तिचं नावही त्याला नको होतं. भरल्या ताटावरून उठून जावं तसं तो बोलला असं तिला वाटलं. तिने हातातली कणीक झाकली.

"मंग मी जातो," ती म्हणाली.

"कुठी?"

"हॉटेलात. अमरावतीले."

"कोणासंगं?"

"कोणासंगं नाई."

लसणाची पाकळी माणिकबाईच्या बोटांत थांबली. "काहून? भांडली काय त्याच्यासंगं?"

"नाई भांडली."

"तब्येत बरी नाई काय?"

"बरी हाये."

"मंग काहून?"

रागिणीने हात पदराला पुसले. ती म्हणाली, "पाहाले."

आकांक्षा म्हणाली, "मम्मी, अमरावती म्हणजे पॉइंटाची सगळ्यात कमी किंमत. अन् अकोल्याहून अमरावतीले हॉटेलात राहाले कोणी जाते काय?"

"मी जाऊन राहिली ना," रागिणी म्हणाली.

जीवनने तेव्हा डोळे उघडले. फरशीवरून मान वर करून त्याने बायकोकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. मग म्हणाला, "छत्री तलावाच्या बाजूले हाये ते हॉटेल. धामणगाव-तिवशाकडे माल पाहाचा असला की मी तठीच राहतो. मागच्या अंगाची खोली सांग त्याहीले." आणि परत गाल फरशीला लावला.

दुसऱ्या दिवशी ती बसमध्ये बसली. खिडकीबाहेर हरभरा काढून झालेली काळी वावरं मागे सरकत होती आणि मधूनच एखाद्या बांधावर पळस पेटल्यासारखा उभा होता. मूर्तिजापूरला शेजारी एक बाई येऊन बसली. पिशवी मांडीवर ठेवून तिने विचारलं, "कोणाकडे चालल्या, बाई?"

रागिणी म्हणणार होती, माहेरी. मग म्हणणार होती, दवाखान्यात. तिच्या आयुष्यातला प्रत्येक प्रवास कोणाकडे तरी होता. अंजनगावला बापाकडे, हिवरखेडला नणंदेकडे, तिवशाला कोणाच्या तरी लग्नाला. बस सुटताना पुढच्या टोकाला कोणीतरी वाट पाहत असायचं आणि पिशवीत त्यांच्यासाठी काहीतरी असायचं. आज पिशवीत एक साडी, एक गाऊन आणि कंगवा होता.

"कोणाकडे नाई," ती म्हणाली. बाईने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मग बडनेऱ्यापर्यंत काही विचारलं नाही.

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने आधार कार्ड घेतलं, स्क्रीनवर पाहिलं आणि अडखळली. "मॅडम, बुकिंग जीवन सरांच्या पॉइंटवर आहे. सर मागून येत आहेत का?"

"नाई."

"मग रूम किती जणांसाठी?"

"एका जणासाठी. माह्यासाठी."

मुलीने जीवनला फोन लावला. पलीकडून तो काय बोलला ते रागिणीला ऐकू आलं नाही, पण मुलीचा चेहरा मोकळा झाला. तिने एक पांढरं प्लास्टिकचं कार्ड पुढे केलं. "मागच्या बाजूची दिली आहे, मॅडम. सरांना तीच लागते."

खोलीपर्यंत पोचवायला देवमन नावाचा पन्नाशीचा माणूस आला. हॉटेलाचा करडा कोट त्याच्या खांद्यांवरून जरा ओघळत होता. त्याने कार्ड दाराला लावून दाखवलं, दिवा हिरवा झाला. दाराशी रागिणीने चप्पल काढली आणि एका बाजूला नीट लावून ठेवली.

"आत घ्या बाई, आतच राहू द्या चप्पल," देवमन म्हणाला. "इथं बाहेर कोणी काढत नाही."

तिला स्वतःलाच नवल वाटलं. चप्पल तिने विचार करून काढली नव्हती. ती आत घेतली, पण पायात घातली नाही.

दार बंद झालं आणि आवाज थांबले. तिने बांधलेल्या खोलीपेक्षा ही खोली लहान होती. पडद्यांना बंद कपाटाचा वास होता. गालिचा एका कोपऱ्यात उसवला होता. उशाशी दिवा होता, पण पांढऱ्या उजेडाचा. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि फोटोवरून पसंत केलेल्या माणसाला लग्नात पहिल्यांदा समोर पाहावं तसं तिने एकेक वस्तूकडे पाहिलं. मग पडदा ओढला.

पाणी होतं. खाली छत्री तलाव पसरला होता, दुपारच्या वाऱ्याने त्यावर बारीक चुण्या पडत होत्या, आणि पलीकडे पोहऱ्याच्या टेकड्यांवर वाळक्या झाडांमध्ये पळसाचे केशरी ठिपके दिसत होते. पडदा उघडताच पाण्यावरचं ऊन उसळून खोलीत आलं आणि छतावर हलायला लागलं. ती पलंगावर आडवी झाली. डोक्यावर उजेडाच्या लाटा एकमेकींत शिरत होत्या, सुटत होत्या. कुकर लावायचा नव्हता. पाणी यायची वेळ नव्हती. कोणाची गोळी राहिली नव्हती. तिने हात पसरले तर बोटं पलंगाच्या दोन्ही कडांना पोचली नाहीत.

केव्हा झोप लागली ते कळलं नाही. झोपेत ती अंजनगावला बापाच्या, सूर्यभानच्या, पानमळ्यात होती. पानमळ्यात चप्पल घालून जायचं नसतं, म्हणून तिने ती कुडाबाहेर ठेवली होती. आत वेलींच्या दोन उंच ओळींमधली वाट ओली आणि गार होती, तळव्यांना चिखलाचा रेशमी स्पर्श होत होता. वरून हिरवा उजेड गाळून येत होता आणि तोही हलत होता, पाण्यासारखा. बाप पुढे चालत होता. खांद्यावर कपुरी पानांची पाटी होती. तो वळून बघत नव्हता, पण ती मागे आहे हे त्याला ठाऊक होतं. वाट संपतच नव्हती आणि संपावी असं तिला वाटतही नव्हतं. मग वेलींमध्ये एक दार दिसलं, त्यावर हिरवा दिवा लागला, आणि ती जागी झाली.

तलावावरचं ऊन उतरलं होतं. छत शांत होतं. आपण कुठे आहोत हे आठवायला तिला थोडा वेळ लागला, आणि तो वेळ तिला फार गोड वाटला.

दारावर टकटक झाली. देवमन दोन जाड चादरी घेऊन उभा होता.

"ह्या कशाले?" तिने विचारलं.

"जीवन साहेबांच्या नावची खोली ना, म्हणून सवयीनं आणल्या. साहेब खाली टाकून झोपतात. मऊ गादीनं त्यांची पाठ धरते. सांगलं नाही काय तुम्हाला?"

"नाई."

"लई दिवसापासून. आम्ही म्हणलं, साहेब, कडक गादी लावून देऊ. ते म्हणे, राहू द्या, घरी मी खालीच झोपतो." देवमनने चादरी खुर्चीवर ठेवल्या. "अन् पडदा बंद करू देत नाहीत. रात्रभर उघडा."

तो गेल्यावर रागिणी त्या चादरींकडे बघत बसली. जीवन घरी दुपारी फरशीवर लोळायचा, पण रात्री खाली झोपत नसे. घरी घट्ट भरलेली कडक गादी होती, कापसाची, तिच्या लग्नात अंजनगावहून आलेली, आणि तिच्यावर तो भिंतीच्या बाजूला झोपायचा. तो देवमनला खोटं का बोलला असेल हे तिला कळेना. मग हळूहळू कळलं. गादी बदलून द्यायला लोक धावपळ करतील, ते त्याला नको असेल. कोणाला त्रास नको म्हणून इतकी वर्षं हा माणूस परक्या गावात फरशीवर पडत होता, आणि ती कौलखेडच्या ओट्यापाशी त्याला पांढऱ्या चादरीवर निजवत होती.

दिवेलागणीला फोन वाजला. आज तो घरून होता.

"जेवली काय?" जीवनने विचारलं.

"नाई अजून. तुमी?"

"आई सांगून राहिली, मी करून राहिलो. पातोडीची भाजी." आणि तो गप्प झाला.

त्या गप्पपणात रागिणीला तिचं घर ऐकू आलं. कुकरची शिट्टी वर चढून फुसकन बसली. माणिकबाईचा आवाज, "तेल कमी घाल, बाप्पा, पोहाले नाई उतरायचं त्याच्यात." आकांक्षाचं हसणं. न्हाणीघरातला नळ, जो कितीही आवळला तरी टपकायचा. कोणीतरी ताट जोरात ठेवलं. हे आवाज ती रोज करत होती, रोज त्यांच्यात उभी होती, आणि आज ते लांबून, एकमेकांत मिसळून, एखाद्या जत्रेतून यावेत तसे येत होते.  भाकरी उलटता उलटता ती ज्याला म्हणायची, बोलायचं नसेल तर ठेवा, तो हे ऐकत होता. इतकी वर्षं तो गप्प बसून हे ऐकत होता.

"हाये ना?" जीवनने विचारलं.

"हावो. राहू द्या जराक चालू," ती म्हणाली.

सकाळी ती खिडकीशी चहा पीत होती तेव्हा जीवन आला. पहिल्या बसने निघाला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. दारात उभा राहून त्याने खोलीकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे, आणि तिच्या खोलीत परवानगीशिवाय कसं शिरावं अशा संकोचाने उभाच राहिला.

"या ना," ती म्हणाली. "काय झालं? आई बरी हाये ना?"

"बरी हाये. आकांक्षा हाये तिच्याजवळ." चादरी बाजूला सारून तो खुर्चीवर बसला. "झोप नाई लागली. तू नसली तर घरही हॉटेलच होय. फक्त चहा आपल्या हातानं करा लागते."

रागिणी हसली नाही, पण तिला बरं वाटलं. तिने कपात चहा ओतला आणि बशीत हळूच ठेवून त्याला दिला. "पडा थोडंसं."

"इथं? नाई. मले नाई लागत इथं झोप."

"पडा त खरं. मी हावो ना."

त्याने चादरींकडे पाहिलं. मग पलंगाच्या कडेला आडवा झाला, बूट काढायलाही विसरून. तिने बूट काढले. दोन मिनिटं तो काहीतरी सांगत होता, गुंटूरच्या मालाविषयी, आणि एका शब्दाच्या मध्येच त्याचा श्वास लांब झाला. तोंड जरासं उघडं राहिलं. इतका गाढ झोपलेला तो तिने घरीसुद्धा कधी पाहिला नव्हता. घरी येऊन तो दुसऱ्या दिवशीच्या गाडीचा विचार करत झोपायचा.

ऊन वर आलं. छतावर पुन्हा उजेडाच्या लाटा सुरू झाल्या, काही त्याच्या कपाळावर उतरल्या. खालून फोन आला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, चेक-आउटची वेळ होत आली आहे."

रागिणीने आवाज खाली केला. "अजून थोडा वेळ राहता येईन काय?"

"अर्धा तास चालेल, मॅडम. त्यापुढे पूर्ण रात्रीचे पॉइंट लागतील."

तिने झोपलेल्या जीवनकडे पाहिलं. उदयपूरचं पाणी तिच्या डोळ्यांसमोर येऊन गेलं, आकांक्षाच्या फोनवर पाहिलेलं, निळं, संगमरवराला लागून असलेलं. "लावा मंग," ती म्हणाली.

"मॅडम, सरांच्या मोबाइलवर ओटीपी येईल."

फोन जीवनच्या शर्टाच्या खिशात होता. कापसाचा पुंजका बोंडातून काढावा तसा तिने तो दोन बोटांनी अलगद काढला. आकडे वाचून दाखवले आणि फोन उशीखाली सारला. मग खुर्ची खिडकीशी ओढून बसली. तलावाच्या काठाने बगळे उडत होते, बसत होते. देवमनने जेवण आणलं तेव्हा तिने ओठांवर बोट ठेवलं. तो पावलं न वाजवता ताट ठेवून गेला. तिने एकटीने, सावकाश, गरम-गरम जेवण घेतलं. मध्येच उठून कोणाला वाढायचं नव्हतं. तिला आठवेना की असं आधी कधी झालं होतं.

जीवन उठला तेव्हा टेकड्यांवरचं ऊन तांबूस झालं होतं. तो उठून बसला आणि डोळे चोळत खिडकीबाहेर पाहू लागला. "सकाळ होय का संध्याकाळ?"

"संध्याकाळ."

"मी दिवसभर झोपलो?"

"हावो. गादीवर झोपले."

तो ओशाळला. दोघं खाली उतरून तलावाच्या काठाने चालायला लागले. पाण्याला दिवसभराच्या उन्हाचा वास होता. चालता चालता रागिणी म्हणाली, "तुमी भुईवर झोपता, हे मले काहून नाई सांगलं?"

"काय सांगाचं त्याच्यात."

"मले वाटे तुमी राजासारखे राहता. चहा हातात, चादर पांढरी, कोणी हाक मारत नाई. मले तुमचा हेवा वाटे. कधी कधी रागही ये."

"माहीत होतं मले."

ती थांबली. "माहीत होतं?"

"तू विचारे ना फोनवर, आज खोली कशी हाये, खिडकीतून काय दिसते. तुह्या आवाजावरून कळे. मी म्हटलं, वाटते तिले तर वाटू द्या. मी तठी सुखात हावो असं वाटलं तर ती इथं काळजी करणार नाई." तो पाण्याकडे बघत बोलत होता. "तुले राग येत असन हे नाई सुचलं."

"न् मले हे नाई सुचलं का तुमी गप्प बसून घर ऐकता."

 त्याने तिच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. काठावर एका झाडाखाली म्हातारी बाई बोरं घेऊन बसली होती. त्यांनी बोरं घेतली आणि खात-खात परत फिरले.

"आजच्या रात्रीचे पॉइंट त भरलेत म्हणते," जीवन म्हणाला. "राहाचं काय?"

रागिणीने वर पाहिलं. मागच्या अंगाच्या त्या खिडकीत ती निघताना दिवा लावून आली होती.

"नाई," ती म्हणाली. "तुमाले घरी झोपायचं होतं ना. चला घरी."

काउंटरवरची मुलगी गोंधळली. "मॅडम, नाईट अजून बाकी आहे तुमची."

"राहू द्या तशीच," रागिणी म्हणाली. मुलीने जीवनकडे पाहिलं, त्याने मान हलवली. बस बडनेऱ्याच्या पुढे गेली तेव्हा अंधारून आलं होतं. रागिणी खिडकीला डोकं टेकून त्या रिकाम्या खोलीचा विचार करत होती. उद्यापर्यंत ती त्यांचीच होती. पडदा उघडा, दिवा लागलेला, पलंगावर एका माणसाच्या झोपेचा खळगा. कोणी नसलेल्या जागी आपलं काहीतरी उजळत राहिलं आहे, असं तिला अकोल्यापर्यंत वाटत राहिलं. पानमळ्याचं स्वप्न तिने जीवनला सांगितलं नाही. ते तिने स्वतःपाशी ठेवलं.

आकांक्षाने हिशोब ऐकला आणि कपाळाला हात लावला. "मम्मी, एका डुलकीसाठी पूर्ण रात्रीचे पॉइंट?"

"हावो."

"पॉइंटाची याच्याहून कमी किंमत कोणालेच नसन आली."

"नसन," रागिणी म्हणाली. "मले लई आली."

उरलेल्या एका रात्रीचं काय करायचं, तो प्रश्न माणिकबाईने आपल्यापुरता निकालात काढला. तिने विचारलं, "तठी भाकर भेटते काय?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मंग मी काहून जाऊ," आणि विषय संपवला.

राहिली कार्डाची फी. महिना संपत आला आणि जीवन हंगाम आटोपून घरी परतला, तसं आकांक्षाने परत कागदावर आकडे मांडले. जीवनने गिरणीला कळवलं होतं की पुढच्या हंगामात त्याला वऱ्हाडातल्या जिनिंग द्याव्यात. गिरणीने अर्धं मान्य केलं. संक्रांतीपर्यंत वऱ्हाड, त्यानंतर गुंटूर, कारण गुंटूरचा माल त्याच्याइतका कोणाला कळत नव्हता. म्हणजे पॉइंट आताच्या अर्धेच जमतील, फी तेवढीच राहील. आकांक्षा म्हणाली, फायदा नाही, तोटाही नाही, बंद करा नाहीतर ठेवा. जीवनने कार्ड रागिणीपुढे ठेवलं.

"तू सांग."

 रागिणी दोन दिवस कुरडयांच्या गव्हाचं पाणी बदलत राहिली आणि विचार करत राहिली. ते कार्ड म्हणजे घरापासून लांब काढलेल्या रात्रींचा मोबदला होता, एवढं तिला कळलं होतं. रात्री कमी तर मोबदला कमी, आणि ते चांगलंच होतं. पण फी भरायची तर ती कशासाठी, हे ठरवल्याशिवाय ती भरायची नाही, असं तिने मनाशी ठरवलं.

महिनाअखेरच्या सकाळी दोघं गच्चीवर होते. प्लास्टिकच्या कागदावर ती कुरडया घालत होती, जीवन सोऱ्या भरून देत होता. ऊन अजून कोवळं होतं.

"गुंटूरले तुमी राहता तठी खिडकीतून काय दिसते?" तिने विचारलं. "खरं सांगजा."

जीवनने हात थांबवला आणि खरंच आठवून पाहिलं. "तलाव-बिलाव काही नाई. मिरच्या दिसतात. माघ-फाल्गुनात वाळू घालतात, लांबच्या लांब. सकाळी उठलं की जमीन लाल. ठसका लागते, खिडकी उघडता येत नाई."

रागिणीने एक कुरडई पुरी केली, दुसरी सुरू केली. तिच्या डोळ्यांपुढे क्षितिजापर्यंत लाल जमीन पसरली, आणि तिच्या कडेला बंद खिडकीच्या आत दोन माणसं उभी असलेली तिला दिसली.

"भरा फी," ती म्हणाली. "फाल्गुनात मी येतो तठी. कापसाची गादी संगं घेऊ."